इटर्नलब्लू

इटर्नलब्लू हे मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीच्या फाइल सामायिक करण्याच्या सेवेतील बफर ओव्हरफ्लो प्रकारच्या त्रुटीचा वापर करून दूरच्या संगणकाचा ताबा मिळवणारे सायबर हत्यार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) ते विकसित केले असे मानले जाते. १४ एप्रिल २०१७ रोजी ‘द शॅडो ब्रोकर्स’ या नावाने वावरणाऱ्या अज्ञात गटाने ते इतर अनेक साधनांसह जाहीर केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत वॉनाक्राय आणि नॉटपेट्या या दोन मोठ्या सायबर हल्ल्यांत त्याचा वापर झाला. या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०१७-०१४४ असा असून मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती एमएस१७-०१० या सुरक्षा पत्रकाद्वारे १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे गळतीच्या बरोबर एक महिना आधी, प्रसिद्ध केली होती.

पार्श्वभूमी

एकाच जाळ्यातील संगणकांना एकमेकांच्या फाइली व छपाईयंत्रे वापरता यावीत यासाठी सर्व्हर मेसेज ब्लॉक (एसएमबी) हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपलासा केला आणि त्यात वेळोवेळी भर घातली. कार्यालयातील ‘शेअर्ड फोल्डर’ उघडताना विंडोज संगणक पडद्याआड हाच प्रोटोकॉल वापरतात. त्यासाठी सर्व्हर टीसीपी ४४५ या पोर्टवर येणाऱ्या विनंत्यांची वाट पाहत असतो.

विंडोजमध्ये या सेवेचा मुख्य भाग कर्नेलमध्ये, म्हणजे संचालन प्रणालीच्या गाभ्यात चालतो. त्यामुळे फाइलींची देवाणघेवाण वेगाने होते. परंतु या भागात चूक राहिली तर तिचा लाभ घेणाऱ्यास सामान्य वापरकर्त्याचे नव्हे, तर थेट सर्वोच्च अधिकार मिळतात. शिवाय विनंतीचा बराचसा भाग वापरकर्त्याची ओळख पटण्यापूर्वीच वाचावा लागतो. परवलीचा शब्द ठाऊक नसलेल्या परक्याने पाठवलेला मजकूर कर्नेलमध्ये उलगडला जातो, हे या सेवेतील त्रुटी विशेष घातक ठरण्याचे मूळ कारण आहे.

प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत, तर तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आली. तरीही जुनी छपाईयंत्रे, स्कॅनर आणि रुग्णालयांतील व कारखान्यांतील उपकरणे चालू राहावीत म्हणून पहिली आवृत्ती विंडोजमध्ये कायम ठेवण्यात आली. इटर्नलब्लू या पहिल्या आवृत्तीवर आघात करते.

त्रुटीचे स्वरूप

बफर म्हणजे येणारी माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी स्मृतीत राखून ठेवलेली, ठरावीक आकाराची जागा. राखलेल्या जागेपेक्षा अधिक माहिती तिथे लिहिली गेली की ती शेजारच्या स्मृतीवर सांडते आणि तिथला मजकूर पुसला जातो. यास बफर ओव्हरफ्लो म्हणतात. सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत अशा लेखनाला आपोआप अटकाव होत नाही. लांबी तपासण्याची जबाबदारी आज्ञावलीकारावर असते. जाळ्यावरून येणाऱ्या संदेशात मजकुराची लांबी बहुधा पाठवणाराच नमूद करतो. या आकड्यावर सर्व्हरने कितपत विश्वास ठेवावा, हा अशा बहुतेक त्रुटींमागचा समान प्रश्न आहे.

इटर्नलब्लूच्या बाबतीत चूक ओएस/२ या जुन्या संचालन प्रणालीशी सुसंगत राहण्यासाठी लिहिलेल्या भागात होती. ओएस/२ मध्ये फाइलीला ‘विस्तारित गुणधर्म’ जोडता येत असत: नाव आणि मूल्य अशा जोड्यांची ती यादी असे. ग्राहक संगणकाने ही यादी जुन्या स्वरूपात पाठवली तर विंडोज सर्व्हर तिचे रूपांतर आपल्या नव्या स्वरूपात करतो. त्यासाठी एक फंक्शन आधी यादीतील नोंदी एकेक करून तपासते, नव्या स्वरूपाला किती स्मृती लागेल याची बेरीज करते आणि एखादी नोंद यादीच्या घोषित सीमेबाहेर जात असेल तर तिथेच थांबून यादीची लांबी तेवढ्यापुरती कमी करते.

लांबीचा हा आकडा ३२ बिटांचा होता, पण कमी केलेली लांबी परत लिहिताना फक्त खालचे १६ बिट बदलले जात. वरचे १६ बिट जुनेच राहत. समजा, ग्राहकाने यादीची लांबी ६५,५३६ बाइट सांगितली आणि तिच्यातील वैध भाग ६५,००० बाइटांचा निघाला. दुरुस्त केलेली लांबी ६५,००० व्हायला हवी. प्रत्यक्षात वरच्या अर्ध्या भागातील १ तसाच राहिल्याने ती ६५,५३६ अधिक ६५,०००, म्हणजे १,३०,५३६ होते. लांबी घटण्याऐवजी जवळपास दुप्पट होते. स्मृती मात्र केवळ वैध भागापुरतीच मागितलेली असते. पुढचे फंक्शन या फुगलेल्या लांबीवर विसंबून नक्कल करत जाते आणि बफरची सीमा ओलांडते.

लांबी ६५,५३५ किंवा त्याहून कमी असेल तर वरचे १६ बिट शून्यच असतात आणि चुकीचा काहीही परिणाम होत नाही. ज्या आज्ञेतून ही यादी पाठवली जाते तिच्यात मजकुराची लांबी मुळातच १६ बिटांत लिहावी लागत असल्याने एवढी मोठी यादी पाठवणे अशक्य वाटावे. येथे दुसरी त्रुटी उपयोगी पडते. मोठा मजकूर अनेक तुकड्यांत पाठवताना सुरुवात ३२ बिटांची लांबी चालणाऱ्या दुसऱ्या आज्ञेने करायची आणि शेवटचा तुकडा पहिल्या प्रकारच्या आज्ञेचा म्हणून पाठवायचा; सर्व्हर संपूर्ण संदेशाचा प्रकार शेवटच्या तुकड्यावरून ठरवत असे. स्वतंत्रपणे पाहता दोन्ही चुका किरकोळ वाटतात. त्या एकत्र जोडण्यात या हत्याराच्या निर्मात्यांचे कसब दिसते.

ताबा मिळवण्याची पद्धत

केवळ बफर ओसंडल्याने संगणक बंद पडतो, ताब्यात येत नाही. सांडलेला मजकूर नेमका कुठे पडेल हे ठरवण्यासाठी इटर्नलब्लू आधी सर्व्हरशी अनेक जोडण्या उघडते. प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हर कर्नेलच्या स्मृतीत ठरावीक आकाराचा बफर राखतो, त्यामुळे स्मृतीची मांडणी बरीचशी हल्लेखोराच्या इच्छेनुसार घडते. काही जोडण्या बंद करून व तिसऱ्या एका त्रुटीच्या साहाय्याने योग्य मापाची मोकळी जागा तयार केली जाते. ओसंडणारी यादी त्या जागेत पडते आणि लगतच्या बफरच्या आरंभीचा भाग पुसते.

या भागात ‘पुढे येणारा मजकूर कुठे ठेवायचा’ हे दर्शवणारा पत्ता असतो. तो बदलल्यावर त्या जोडणीवरून पाठवलेले सर्व काही हल्लेखोराने निवडलेल्या ठिकाणी लिहिले जाते. विंडोज ७ मध्ये कर्नेलचा एक स्मृतिखंड नेहमी त्याच पत्त्यावर असे आणि तेथील मजकूर आज्ञा म्हणून चालवताही येई. विंडोज ८ पासून ही दुसरी सवलत बंद झाली. गळतीतील मूळ हत्यार नव्या प्रणालींवर चालत नसण्याचे ते एक कारण आहे. जोडण्या तोडल्या जाताच सर्व्हर बदललेल्या पत्त्याच्या आधारे हल्लेखोराच्या आज्ञा कर्नेलच्या अधिकाराने चालवतो. सहसा या टप्प्यावर डबलपल्सार नावाचे चोरदार बसवले जाई. ते केवळ स्मृतीत राहते, डिस्कवर कोणतीही फाइल ठेवत नाही आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होते.

गुप्तता, दुरुस्ती आणि गळती

वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने मे २०१७ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार एनएसएने हे हत्यार पाच वर्षांहून अधिक काळ वापरले आणि ते हातचे गेल्याचे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टला त्रुटीची कल्पना दिली. फेब्रुवारी २०१७ मधील नियमित मासिक दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने पुढे ढकलल्या होत्या. मार्चमध्ये एमएस१७-०१० प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी वॉनाक्रायनंतर लिहिलेल्या निवेदनात या गळतीची तुलना अमेरिकी सैन्याची टॉमाहॉक क्षेपणास्त्रे चोरीस जाण्याशी केली आणि सरकारांनी त्रुटी साठवून न ठेवता उत्पादकांना कळवाव्यात अशी मागणी केली. स्मिथ यांच्या मागणीत तथ्य असले तरी चित्राची दुसरी बाजूही आहे: मे महिन्यात बळी पडलेल्या बहुसंख्य संगणकांसाठी दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीपासून उपलब्ध होती.

वॉनाक्राय

१२ मे २०१७ रोजी, शुक्रवारी, वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीचा प्रसार सुरू झाला. फाइली कूटबद्ध करून त्या सोडवण्यासाठी ती ३०० डॉलर मूल्याच्या बिटकॉइनची मागणी करत असे. तिला पसरण्यासाठी कोणी ईमेल उघडण्याची किंवा दुव्यावर टिचकी देण्याची गरज नव्हती. एक संगणक बाधित झाला की तो जाळ्यातील व आंतरजालावरील इतर संगणकांचे पोर्ट ४४५ चाचपून इटर्नलब्लूद्वारे त्यांत शिरत असे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना याची झळ बसली. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बाधित झाले.

सर्वाधिक चर्चा ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची झाली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी सुमारे एक तृतीयांश न्यासांच्या कामात व्यत्यय आला, रुग्णांच्या अंदाजे १९,००० भेटी रद्द कराव्या लागल्या आणि पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत पाठवावे लागले. एका ब्रिटिश संशोधकाने आज्ञावलीत आढळलेले, कोणीही न नोंदवलेले संकेतस्थळाचे नाव नोंदवल्यावर प्रसार ओसरला. ते नाव प्रतिसाद देत असेल तर आज्ञावली पुढे काही करत नसे. मायक्रोसॉफ्टने पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात बाधित संगणकांत विंडोज ७ चे प्रमाण प्रचंड होते. एक्सपीवर हल्ला झाल्यास संगणक बहुधा निळ्या पडद्यासह बंद पडत असे.

वॉनाक्रायच्या आधीच एडिलकझ नावाची आभासी चलन खणणारी आज्ञावली याच मार्गाने पसरत होती. आत शिरल्यावर ती इतरांना तोच मार्ग बंद करत असल्यामुळे काही संगणक अजाणतेपणी वॉनाक्रायपासून वाचले.

अमेरिका व ब्रिटन यांनी वॉनाक्रायसाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरले. त्याचा उपद्रव त्या आठवड्यापुरता मर्यादित राहिला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे कारखाने त्याच्याच एका रूपामुळे बंद पडले.

नॉटपेट्या आणि न्हावा शेवा

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून नॉटपेट्याचा शिरकाव झाला. वरकरणी ती खंडणीची मागणी करत असली तरी फाइली परत मिळवून देण्याची सोयच तिच्यात नव्हती. नॉटपेट्या इटर्नलब्लूखेरीज संगणकाच्या स्मृतीतून चोरलेले परवलीचे शब्दही वापरत असे. त्यामुळे एमएस१७-०१० बसवलेले संगणकही, जाळ्यातील एखाद्या असुरक्षित संगणकामार्फत, बाधित होऊ शकत. अमेरिका व ब्रिटन यांनी या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज जगभर ठप्प झाले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या ताब्यातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलची संगणकीय यंत्रणा बंद पडली. कोणता कंटेनर कोठे आहे आणि कोणत्या वाहनावर चढवायचा याची नोंद संगणकावरच असल्याने काम हाताने करावे लागले आणि मालाची कोंडी झाली. मर्स्कने या हल्ल्यातील तोटा २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. वायर्ड मासिकाच्या वृत्तानुसार जाळ्याच्या मध्यवर्ती नोंदवहीची एकमेव शाबूत प्रत घाना येथील कार्यालयात सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती.

संरक्षण

एमएस१७-०१० बसवणे हा मुख्य उपाय आहे. त्याशिवाय एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करणे आणि पोर्ट ४४५ बाह्य जाळ्यासाठी अडवणे सुचवले जाते. २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने स्थापना करताना, पहिल्या आवृत्तीचा सर्व्हर आपोआप बसवला जात नाही. पोर्ट केवळ संस्थेच्या सीमेवर अडवल्याने आतील प्रसार थांबत नाही. एकमेकांच्या फाइलींची गरज नसलेल्या संगणकांमध्येही हा मार्ग बंद ठेवावा लागतो. ज्या उपकरणांना नवी आवृत्ती कळतच नाही ती वेगळ्या उपजाळ्यात ठेवली जातात.

याच वर्गातील इतर त्रुटी

लिनक्स व युनिक्सवर एसएमबी सेवा पुरवणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २००३ साली ट्रान्स२ओपन नावाने ओळखली जाणारी त्रुटी (सीव्हीई-२००३-०२०१) आढळली. तेथे ग्राहकाने पाठवलेले फाइलीचे नाव, ग्राहकाने सांगितलेल्याच लांबीनुसार, ठरावीक आकाराच्या बफरमध्ये उतरवले जात होते. विंडोजमध्ये ऑक्टोबर २००८ मध्ये एमएस०८-०६७ द्वारे दुरुस्त झालेली त्रुटी फाइलीचा मार्ग सरळ करणाऱ्या फंक्शनमध्ये होती. कॉनफिकर हा वर्म तिच्याद्वारे पसरला. मार्च २०२० मध्ये उघड झालेली एसएमबीघोस्ट (सीव्हीई-२०२०-०७९६) तर प्रोटोकॉलच्या तिसऱ्या आवृत्तीत, संकुचित संदेश उलगडणाऱ्या भागात होती. तेथे संदेशातून आलेल्या दोन आकड्यांची बेरीज ३२ बिटांत न मावल्याने स्मृती कमी राखली जात असे.

२०१७ मध्येच सांबात सापडलेल्या सीव्हीई-२०१७-७४९४ या त्रुटीला ‘सांबाक्राय’ म्हटले गेले. नावामुळे तिची गणना अनेकदा इटर्नलब्लूसोबत होते, पण ती बफर ओव्हरफ्लो नाही: हल्लेखोराने सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली लायब्ररी सर्व्हर स्वतः चालवत असे. इटर्नलब्लूशी अधिक जवळचे नाते सीव्हीई-२०२१-४४१४२ चे आहे. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेली ही त्रुटी सांबाच्या मॅक संगणकांशी सुसंगतता राखणाऱ्या भागात होती, आणि तेथेही बफरची सीमा ओलांडली जात होती ती फाइलींचे विस्तारित गुणधर्म वाचताना.