गुदाशयातल्या दुर्बिणीची कुळकथा
गुदाशयाचा कर्करोग खालच्या वाटेनं काढायची कल्पना दुर्बिणीहून फार जुनी आहे. पॅरिसमध्ये जाक लिस्फ्रांक यांनी 1826 साली अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा भूल देण्यासाठी ईथरसुद्धा नव्हतं. पोट उघडलं की जंतुसंसर्गानं रुग्ण दगावायचा, म्हणून खालची वाटच तेवढी उरली होती.

या वाटेचा हिशेब लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी मांडला. त्यांनी खालून शस्त्रक्रिया केलेल्या 57 रुग्णांपैकी 54 जणांत रोग उलटला होता. शवविच्छेदनात कारण दिसलं: गाठ निघाली, तरी रोग लसीकावाहिन्यांतून वरच्या ग्रंथींत पोचलेला असे. 1908 मध्ये त्यांनी पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय ग्रंथींसकट काढायची पद्धत प्रसिद्ध केली. रोग उलटणं बरंच घटलं, पण मलविसर्जनासाठी पोटावर कायमची पिशवी आली.

1983 च्या सुमारास जर्मनीत गेरहार्ड ब्यूस यांनी खालच्या वाटेला नवं साधन दिलं. 4 सेंटिमीटर रुंद धातूची नळी, कार्बन डायऑक्साइडनं फुगवलेला गुदाशय, खोली दाखवणारी दुहेरी भिंगाची दुर्बीण आणि लांब हत्यारं. हात न पोचणारे वरचे मोठे पॉलिप अखंड काढून आतच टाके घालता येऊ लागले. पुढे लवकर सापडलेल्या कर्करोगालाही ही सोय मिळाली. पोट शाबूत राहतं, पिशवी टळते, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. रक्तस्राव, टाके उसवणं, क्वचित भिंतीला पोटाच्या पोकळीत भोक पडणं, हे धोके मात्र असतात.

ग्रंथी मात्र आतच राहतात. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग आतल्या अस्तराखालच्या थरापुरताच असलेल्या रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं 2002 मध्ये प्रसिद्ध केला. रोग त्या थराच्या वरच्या एकतृतीयांश भागात असताना शंभरातल्या 3 जणांच्या ग्रंथींत तो पोचला होता. सर्वांत खोल भागात असताना 23 जणांच्या. स्नायूंत शिरलेल्या रोगाला केवळ ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा पुरत नाही.

म्हणून काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा. रोगाची खोली, कडा, पेशींची जात, वाहिन्यांतला शिरकाव यांत काही वावगं निघालं, तर ग्रंथींसकट मोठी शस्त्रक्रिया सुचवतात. रुग्णाला ही शक्यता पहिल्या शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवी, आणि नंतरच्या तपासण्याही चुकवू नयेत. लहान जखमेचं समाधान अहवाल हाती आल्यावरच मानावं.