पडद्याचें कात्रण

वर्तमानपत्रांतील एखादा मजकूर आवडला म्हणजे तेवढाच कातरून वहींत डकवून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून फार दिवसांची आहे. संगणकाच्या पडद्यावर जें दिसतें त्याचें असेंच कात्रण आज लहान मूलहि काढतें. परंतु ही कातर मनुष्याच्या हातीं येण्यास बराच काळ लागला, आणि आल्यावरहि एकदां तिनें मोठा दगा दिला.

प्रारंभीं पडद्याचें चित्र घ्यावयाचें म्हणजे त्याच्यासमोर कॅमेराच धरावा लागे. हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. पडद्याची कांच फुगीर असल्यामुळें सरळ रेषा वांकड्या उमटत. खोलींतील दिव्याचें प्रतिबिंब कांचेवर पडे, म्हणून भोंवतीं काळें आवरण घालावें लागे. आणि पडद्यामागील किरण एकेक ओळ करीत चित्र रेखाटीत असल्यामुळें कॅमेऱ्याचें झांकण क्षणभरच उघडलें तर मध्येंच काळा पट्टा येई.

१९८१ सालीं 'आय. बी. एम.' कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला. त्याच्या कळफलकावर 'प्रिंट स्क्रीन' ही कळ होती, आणि तिचें काम नांवाप्रमाणें खरोखरच छापण्याचें होतें. 'शिफ्ट'सह ती दाबली कीं पडद्यावरील ८० अक्षरांच्या २५ ओळी जोडलेल्या मुद्रणयंत्रावर उतरत. आपणांस चारच ओळी हव्या असल्या तरी सगळा पडदा छापला जाई; मग खरी कातर घेण्यावांचून गत्यंतर नसे.

खरा पालट झाला तो १९८४ च्या 'मॅकिंटॉश' यंत्रानें. 'कमांड', 'शिफ्ट' व ३ या कळा एकत्र दाबतांच पडदा कागदावर न उतरतां तबकडीवर चित्र म्हणून सांठविला जाई. त्या पडद्यावर आडवे ५१२ व उभे ३४२, म्हणजे एकूण १,७५,१०४ ठिपके असत. प्रत्येक एक तर काळा, नाहीं तर पांढरा. यंत्राच्या स्मरणांत या ठिपक्यांची नोंद असतेच. तिची नक्कल केली कीं चित्र झालें. या विषयावर लिहिणारे बहुधा कोणत्या कंपनीनें कोणती कळ आधीं आणली याच वादांत रमतात. मला त्याहून महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, कीं चित्र आंकड्यांचें झाल्याबरोबर त्याचा भाग वेगळा काढणें हें केवळ गणित होऊन बसलें. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे दाखविले कीं पुरे. प्रत्येक ओळींतून या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंतचे आंकडे उचलावयाचे.

'विंडोज' पद्धतींत 'प्रिंट स्क्रीन'चें नांव जुनेंच राहिलें, पण काम बदललें. ती पडद्याची नक्कल 'क्लिपबोर्ड' नांवाच्या स्मरणांतील जागीं ठेवूं लागली. तेथून ती 'पेंट'मध्यें उतरवावी, हवा तो भाग निवडावा, बाकीचा टाकावा, असा तो खटाटोप असे. आपल्या मराठीला त्याचा एके काळीं उपयोगहि झाला. एका यंत्रावरील देवनागरी टंक दुसऱ्यावर नसला कीं मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसत. चित्र करून पाठविलें तर अक्षर शाबूत राही.

२००२ सालीं लेखणीनें चालणाऱ्या पाटीसारख्या संगणकांसाठीं 'स्निपिंग टूल', म्हणजे शब्दशः कातरण्याचें हत्यार, निघालें. २००७ सालीं तें 'व्हिस्टा'बरोबर बाजारांत आलें. आज 'विंडोज', 'शिफ्ट' आणि 'एस' या कळा दाबून माऊसनें चौकोन ओढला कीं तेवढेंच कात्रण मिळतें. मॅकिंटॉशवर त्यासाठीं 'कमांड', 'शिफ्ट' व ४ दाबावें लागतें.

आतां दग्याची हकीकत. कागद कापला म्हणजे उरलेला तुकडा केरांत जातो, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. २०२३ सालीं सायमन ॲरन्स व डेव्हिड ब्यूकॅनन यांनीं उघडकीस आणलें कीं गूगलच्या 'पिक्सेल' फोनवर छाटलेल्या चित्रांचा टाकलेला भाग केरांत गेलेलाच नव्हता. छाटलेलें चित्र सांठवितांना नवी, आंखूड नोंद जुन्या लांब नोंदीच्या माथ्यावर लिहिली जाई, आणि खालची जुनी शेपटी पुसलीच जात नसे. फळ्यावर दहा ओळी असाव्या, मास्तरांनीं वरच्या चार पुसून त्या जागीं नवा मजकूर लिहावा आणि खालच्या सहा तशाच सोडाव्या, त्यांतला प्रकार. चित्र दाखविणारी योजना नव्या मजकुराच्या शेवटीं थांबे, म्हणून पाहणाऱ्यास कांहींच दिसत नसे. पण जाणत्यास त्या शेपटींतून मूळ चित्राचा बराचसा भाग पुन्हां उभा करतां येई. बँकेच्या कार्डाचें चित्र छाटून क्रमांकावर काळें फांसलें, तरी तो परत वाचतां येतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. लौकरच 'विंडोज'च्या कातरींतहि हाच दोष आढळला. तेथें मूळ चित्रावरच छाटलेलें चित्र सांठविलें तर जुना भाग मागें राही.

दोन्ही कंपन्यांनीं मार्च २०२३ मध्यें दुरुस्ती केली. परंतु त्यापूर्वीं लोकांनीं विश्वासानें छाटून इष्टमित्रांस व परक्यांस पाठविलेलीं चित्रें त्या दुरुस्तीच्या आटोक्याबाहेर होतीं. तीं ज्याच्या त्याच्या संग्रहीं आपल्या शेपट्यांसह पडून राहिलीं.