पट्ट्यावरून कागदावर
रंगीत प्रिंटरमधील टोनर-वहनाचे सुटे भाग आणि पेटंट : प्रस्तावना

पावसाळा लागला की अहिल्यानगरच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "रंग धरत नाही." मे महिन्यात लख्ख निघणारे प्रोजेक्टचे मुखपृष्ठ जुलैत फिकट निघते, मध्येच चट्टे पडतात. दुरुस्ती करणारा येतो, चालू छपाई थांबवतो, यंत्राचे दार उघडतो आणि आतून एक काळा, चकचकीत, मेणकापडासारखा दिसणारा बिनजोड पट्टा बाहेर ओढतो. त्या क्षणी पट्ट्यावर चित्र असते. अक्षरे मात्र आरशातल्यासारखी उलटी. बोट लावले तर बोटाला रंग लागतो आणि चित्र फरफटते. ते अजून छापले गेलेले नाही, वाटेतच आहे.

या वाटेवरच्या सुट्या भागांना पेटंट मिळू शकते का, कधी मिळते आणि कधी मिळू नये, हा या पुस्तकाचा विषय. विषय अरुंद वाटेल. पण पेटंट कायद्यातले अवघड प्रश्न जितके स्वच्छ या पट्ट्यावर दिसतात तितके क्वचितच कुठे दिसतात, असे मला इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मनापासून वाटते. वाचकाला आत बोलावण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी यंत्र समजून घेऊ. आजच्या बहुतेक रंगीत लेझर प्रिंटरमध्ये पिवळा, मॅजेंटा, सायन आणि काळा अशा चार रंगांचे चार ड्रम ओळीने बसवलेले असतात. टोनरचा, म्हणजे रंगाच्या पावडरीचा, कण साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्यावर बहुधा ऋण विद्युतभार असतो. पट्ट्याच्या मागच्या रोलरला धन विद्युतदाब दिला की ड्रमवरची पावडर पट्ट्यावर उडी घेते. चारही रंग असे एकावर एक बसले की पट्टा पुढे सरकतो आणि दुसरा रोलर तीच पावडर कागदावर ओढून घेतो. मग फ्यूजरच्या उष्णतेने ती कागदात पक्की होते. पट्ट्यावर उरलेली पावडर वायपर ब्लेड खरवडून काढते. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यातून वीज जास्त सहज वाहते, भार झिरपून जातो आणि ओढ कमी पडते. पावडर पट्ट्यावरच राहते. "रंग धरत नाही" या तक्रारीचे एक मोठे कारण हे.

यातला एकेक भाग काउंटरवर वेगळा ठेवला तर अगदी साधा दिसतो. पट्टा म्हणजे बहुधा पॉलिइमाइडचे पातळ आवरण, त्यात वीज बेताने वाहावी म्हणून मिसळलेली काजळी. रोलर म्हणजे पोलादी दांड्यावर चढवलेला फोम. ब्लेड म्हणजे पॉलियुरेथेनची पट्टी. पट्ट्यातून वीज फार सहज वाहिली तर पावडर विखुरते, फार अडली तर भार साठून ठिणग्या पडतात. रोलरचा दाब वाढवला तर अक्षराचा मधला भाग पोकळ निघतो. एक भाग बदलला की बाकीच्यांचे गणित बिघडते. म्हणून माझे सांगणे असे की, या क्षेत्रात पेटंटला पात्र ठरण्याजोगे जे असते ते बहुतेक वेळा दोन भागांमधल्या नात्यात सापडते. सुटा भाग कितीही न्याहाळला तरी तिथे ते हाती लागत नाही.

या विद्येचा जन्मही पेटंटच्या कचेरीतूनच झाला. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमध्ये पी. आर. मॅलरी कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होते. पेटंटच्या मसुद्यांच्या आणि आकृत्यांच्या प्रती कधीच पुरेशा नसत. नक्कल करायची तर पुन्हा हाताने लिहायचे, कार्बन घालून टंकायचे किंवा फोटो काढून धुवायचे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या खोलीत त्यांनी आणि त्यांचे सहायक ऑटो कॉर्नाय यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून भारित केला, तारीख आणि जागा लिहिलेली काच त्यावर ठेवून प्रकाश टाकला, मग लायकोपोडियमची पूड भुरभुरवली. अक्षरे उमटली. तरीही काम संपले नव्हते. मेणकागद दाबून आणि तापवून ती पूड त्यावर उतरवावी लागली. पहिल्याच प्रयोगात पावडर वाहून नेण्याची पायरी अशी होती. ६ ऑक्टोबर १९४२ रोजी कार्लसन यांना मूळ पेटंट मिळाले आणि १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने त्यांना आधार दिला. त्याच १९४४ साली आपल्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यातल्या तुरुंगात पंडित नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हाताने लिहून काढत होते. त्या हस्तलिखिताची प्रत काढणे तेव्हा किती कष्टाचे होते हे लक्षात घेतले, तर कार्लसन यांची तळमळ आपल्याला परकी वाटत नाही.

छपाईशी या जिल्ह्याचे नातेही जुने आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये याच नगरात सुरू झाले. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये काढलेले 'दीनमित्र' हे पत्र पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालले. आणि छपाई व पेटंट या दोन्हींचा मेळ घालणारा मराठी माणूस हवा असेल तर शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) आहेतच. मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये खिळे ओतण्याच्या यंत्रांवर आयुष्य खर्च केले आणि त्यांची पेटंट घेतली. छापखान्यातले यंत्र बघून त्यात काय कमी आहे हे ओळखणे आपल्याला नवे नाही.

आता कायद्याकडे वळू. पेटंट अधिनियम, १९७० प्रमाणे शोध नवा हवा, उद्योगात वापरता येण्याजोगा हवा आणि त्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारालाही सहज सुचली नसती अशी झेप हवी. त्याखेरीज कलम ३ काही गोष्टी मुळातच बाजूला काढते. आपल्या कामाचे त्यातले कलम ३(एफ) : ठाऊक असलेली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले काम पूर्वीसारखेच स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध नव्हे. वर नात्याविषयी जे म्हटले त्याचे कायद्यातले मूळ इथे आहे. पट्टा, रोलर आणि ब्लेड एकत्र आल्याने काही नवे घडत असेल तरच दार उघडते.

सर्वोच्च न्यायालयाचा या बाबतीतला पायाभूत निर्णय मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांच्या वादातला आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, १९७८. लेथवर भांडे पक्के धरण्याच्या जुळणीचे पेटंट होते. न्यायालयाने ते टिकू दिले नाही. कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे काही हवे, असे सांगितले. लेथचा मुद्दा प्रिंटरला लावून बघू. पावसाळ्यात ओढ कमी पडते म्हणून एखाद्या कारागिराने रोलरच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवला. काम झाले, गिऱ्हाईक खूश झाले. ही हुशारी खरीच आहे, पण दाब वाढवला की चिकटणे सुधारते हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. हवेतली ओल मोजून त्याप्रमाणे विद्युतदाब बदलावा असे कुणाला सुचले, तरी ती युक्ती प्रिंटरमध्ये कधीच येऊन बसली आहे.

याउलट हे उदाहरण पाहा. पत्रिकेसाठी घेतलेल्या खडबडीत कागदाच्या खाचांत पावडर पोचत नाही आणि रंगात पांढरे ठिपके राहतात. पट्टा मऊ केला तर तो खाचांत शिरेल, पण मऊ पट्टा ताणला जाणार आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसणार नाहीत. दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. आत ताण सोसणारा कडक थर, त्यावर रबरासारखा लवचीक थर आणि वर पावडर सहज सोडणारा पातळ थर, अशा रचनेने हा पेच सोडवला गेला. आता ही रचना जुनी झाली, पण शिकण्यासाठी ती उत्तम आहे. एक सुधारली की दुसरी बिघडते असे सगळे धरून चालले असताना दोन्ही साधणे, हे झेपेचे लक्षण. परीक्षक शोधतो ते हेच, आणि अर्जदाराने कागदावर दाखवायचेही हेच.

या क्षेत्रातले बरेच दावे आकड्यांत असतात : पट्ट्याचा विद्युतरोध अमुक ते तमुक, रोलरचा कडकपणा इतका ते इतका. नुसता आकडा निवडण्यात शोध नसतो. सीमेच्या आत छपाईत काय घडते आणि सीमेबाहेर गेल्यावर काय बिघडते, हे प्रयोगाने दाखवावे लागते. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी अशा दाव्यांच्या वाचनाला दिला आहे, कारण विद्यार्थी अडतात ते इथेच.

दुरुस्ती करणाऱ्यांचा एक प्रश्न टाळता येणार नाही : ज्या भागावर पेटंट आहे तो विकत घेतल्यावर आम्ही तो भरायचा, बदलायचा की नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात ठरवले की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटधारकाचा हक्क संपतो. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००७ मध्ये कॅननच्या शाईच्या टाकीबाबत, वापरलेली टाकी साफ करून पुन्हा भरणे म्हणजे नवी वस्तू बनवण्यासारखे आहे, असे मानले. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचले की कळते : दुरुस्ती कुठे संपते आणि नवनिर्मिती कुठे सुरू होते, हे ठरवताना न्यायाधीशालाही भाग कसा चालतो हे शिकावे लागते. यंत्र हाताळणाऱ्याला ते आधीच माहीत असते.

म्हणूनच हे निमंत्रण संगमनेर, लोणी, राहुरीच्या विद्यार्थ्यांना आहे, नागापूर एमआयडीसीतल्या आणि सुप्याच्या कारखान्यांतल्या तंत्रज्ञांना आहे, आणि दुकानात वाकून पट्टा पुसणाऱ्यालाही आहे. पेटंटचे दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येतात. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मंजुरीआधी कोणीही, अगदी कोणीही, त्याला हरकत घेऊ शकतो. पेटंटची मुदत २० वर्षांची. मुदत संपलेली रचना सगळ्यांची. एक काळजी मात्र घ्या. आपली युक्ती अर्जाआधी प्रदर्शनात मांडली किंवा व्हिडिओ करून पाठवली, तर काही मोजके अपवाद सोडता तिचे नवेपण जाते. आधी तात्पुरता अर्ज करा, मग १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्या. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. परीक्षणाचा खर्च वेगळा धरावा लागतो, पण दार बंद नाही.

पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी एक छोटे काम सांगतो. पुढच्या वेळी प्रिंटर उघडाल तेव्हा पट्टा लगेच पुसू नका. उजेडात धरा आणि पावडर कुठे राहिली ते बघा : कडेला की मध्ये, एका रंगाची की चारही रंगांची, रेघेत की ठिपक्यांत. जी पावडर कागदावर गेली तिचे उत्तर कुणीतरी आधीच शोधले आहे. जी मागे राहिली तिचे कारण वहीत लिहा. या विषयाचा अभ्यास तिथून सुरू होतो.