अपुऱ्या दिवसांचे मूल आणि पोलादनगरी

अमेरिकेत दिवस भरण्यापूर्वी मूल जन्मण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय मातांमध्ये गौरवर्णीयांच्या सुमारे दीडपट आहे. अर्भकमृत्यूचे तर दुपटीहून अधिक. हे वाचून आपण त्या देशाच्या वर्णभेदाला दोष देतो. आपल्याकडे हीच रेषा जमात आणि नोकरीचा प्रकार यांनी आखली जाते. दुर्ग जिल्ह्याचा इतिहास याची साक्ष देतो.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. कायम कामगारांसाठी वसाहत, शाळा व सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय उभे राहिले. भट्टीचे लोहखनिज येई ते त्या वेळच्या दुर्ग जिल्ह्यातीलच दल्ली-राजहरा येथून. तेथे ठेकेदारांच्या हाताखाली दगड फोडणाऱ्यांत आदिवासी व छत्तीसगढी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे नव्हती. म्हणून त्याच्या रुग्णालयावर हक्कही नव्हता. त्यांच्या संघटनेच्या एक पुढारी, कुसुमबाई, बाळंतपणात उपचारांअभावी दगावल्या. पुढे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून रुग्णालय बांधले. ३ जून १९८३ रोजी ‘शहीद अस्पताल’ सुरू झाले.

परंतु खेड्यातले अपुऱ्या दिवसांचे मूल बहुधा घरीच, पहिल्या काही दिवसांत दगावते. त्याच्यापर्यंत रुग्णालय पोहोचत नाही. या प्रश्नाचे उत्तर जुन्या दुर्ग जिल्ह्याच्या शेजारीच, गडचिरोलीत सापडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजाताची ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गाचे उपचार शिकवले. मुदतपूर्व जन्मलेल्यांपैकी पूर्वी शंभरात ३३ दगावत. २००३ पर्यंत हे प्रमाण दहावर आले. तो जिल्हा तसाच दुर्गम व गरीब राहिला होता. दारात शिकलेली बाई येऊ लागली, एवढाच काय तो बदल.

छत्तीसगढने २००२ मध्ये ‘मितानिन’ योजना सुरू केली. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींच्या नवजातभेटी ठरल्या. तरीही प्रशासनाची एक सवय जात नाही. आपण जिल्ह्याची सरासरी पाहतो आणि समाधान मानतो. पोलादनगरीची सरासरी नेहमीच चांगली दिसेल. ठेका मजुराच्या व आदिवासी मातेच्या मुलांची वेगळी नोंद मागितल्याशिवाय त्या सरासरीखाली कोण दबले आहे, हे कळणार नाही.