फलटणची मेंढी आणि वाणशुद्धीचा प्रश्न

दख्खनी मेंढी ही धनगरांच्या भ्रमंतीत घडलेली जात होय. दुष्काळ सोसणे, दूरवर चालणे आणि घोंगडीपुरती जाडीभरडी लोकर देणे, हीच तिची परंपरागत कसोटी. पुढे घोंगडीची मागणी ओसरली व मांस हे उत्पन्नाचे मुख्य साधन झाले. तेव्हा एका वेतास बहुधा एकच कोकरू देणारी ही मेंढी अपुरी भासू लागली.

फलटण येथे १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने यावर सुंदरबनातील गारोल मेंढीचे साह्य घेतले. गारोल अंगाने लहान, परंतु बहुप्रसवा. तिचा हा गुण मुख्यतः एकाच जनुकावर अवलंबून असल्याने, संकरित पिढ्यांत तो राखून दख्खनीचा बांधा परत मिळविणे शक्य झाले. २००१ साली त्या जनुकातील नेमका बदल उमगला आणि वाहक एडके रक्तपरीक्षेने निवडता येऊ लागले. ‘नारी सुवर्णा’ हे या प्रयत्नाचे फळ होय.

तथापि जुळ्यांना पुरेल इतके दूध चाऱ्यावाचून कोठून यावे? म्हणून वाणाची शुद्धता रंग-लोकरीपेक्षा माळरानावर तगण्याच्या गुणात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. धनगरांची जुनी कसोटी हीच होती.