उंची कोणी खाल्ली?

दिवाळीत माझा चौदा वर्षांचा चुलतभाऊ जिमला जायचं म्हणाला, तेव्हा आजीनं एका वाक्यात विषय संपवला. "आप्पाकडं बघ. पोती उचलून उचलून तसाच ऱ्हायला."

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म १९६५चा, माण तालुक्यातला. उंची पाच फूट दोन इंच. तेराव्या वर्षापासून त्यांनी बाजारातल्या एका आडतीवर हमाली केली. आजीच्या मते कांद्याच्या गोण्यांनी त्यांना वरून दाबून धरलं. लहानपणी मलाही हे पटायचं. डोक्यावर ओझं असल्यावर माणूस वर कसा वाढणार? त्या दिवाळीनंतर मात्र मी या समजुतीचा माग काढायला बसलो, आणि गोष्ट गोणीपाशी थांबेना.

प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे. १८२९मध्ये फ्रान्समधल्या व्हिलेर्मे या डॉक्टरनं सैन्यभरतीच्या नोंदी तपासल्या. जिथं अन्न, वस्त्र, घर चांगलं आणि बालपणीचे कष्ट कमी, तिथली माणसं जास्त उंच होतात, असं त्यानं मांडलं. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये गिरण्यांतल्या बालमजुरीची सरकारी चौकशी झाली. मँचेस्टर आणि स्टॉकपोर्टच्या रविवारच्या शाळांत गिरणीत राबणारी आणि न राबणारी, अशी दोन्ही मुलं मोजली गेली. उंचीतला फरक अगदी किरकोळ निघाला. पण दोन्हीकडची मुलं आजच्या इंग्रज मुलांपेक्षा कितीतरी बुटकी होती. गल्ल्या त्याच, आजार तेच, ताटही तेच. पोटातली भूक कुणाला दिसत नाही, पाठीवरचं ओझं दिसतं. म्हणून बोट ओझ्याकडं जातं.

विसाव्या शतकात या भीतीला डॉक्टरी भाषा मिळाली. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते, ग्रोथ प्लेट. हाड तिथून लांबतं. वयात येण्याचा काळ सरता सरता ती चकती हाडात बदलते आणि उंची थांबते. १९७०च्या दशकात वजन डोक्यावर उचलताना काही किशोरांच्या मनगटाजवळची ही चकती मोडल्याची नोंद अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली. अशा दुखापती खऱ्याच. पण त्या सहसा झेपेल त्याहून जास्त वजन, चुकीची पद्धत आणि शिकवायला कुणी नसणं यांतून होतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १९८०च्या दशकात या व्यायामाबद्दल फार सावध होती. तिच्याच २०२०च्या अहवालानुसार, नीट शिकवून आणि देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामानं मुलांची वाढ खुंटत नाही.

मग वेटलिफ्टर बुटके का दिसतात? नईम सुलेमानोग्लूनं १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, उंची सुमारे १४७ सेंटीमीटर. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेचीही तीनच सुवर्णं, उंची १९७. खेळ एकच, वजनगट वेगळे. हलक्या गटात कमी उंचीच्या खेळाडूला फायदा असतो, म्हणून तिथं तोच टिकतो. वजन उचलून तो बुटका झालेला नसतो.

आपल्या तालमींनी हा हिशेब फार पूर्वी ओळखला होता. तिथं पोरं कोवळ्या वयापासून जोर-बैठका मारतात, पण मेहनतीइतकीच चौकशी खुराकाची होते. दूध, तूप, बदाम. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, त्यातही खुराकाची सोय मोठी होती. नुसती मेहनत शरीराला खाते, हे कुठलाही वस्ताद सांगेल.

आता आप्पांकडं येतो. १९७२च्या दुष्काळात ते सात वर्षांचे होते. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांत खडी फोडणारी माझी आजीही होती. धाकटे काका १९७७चे. तेही तेराव्या वर्षी त्याच आडतीवर लागले, त्याच गोण्या वाहिल्या. ते आप्पांपेक्षा चार बोटं उंच आहेत. दोन भावांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी मी आजीला विचारलं, "त्या वर्षी काय खायचा?"

"मिलोची भाकरी. लाल. गिळायची नाय."

"आप्पाला किती मिळायची?"

आजी बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "आदी कामावर जाणाऱ्याला घालावं लागायचं. न्हाईतर खडी कुनी फोडायची? उरली तर पोराला."

तेव्हा मला कळलं, ती पन्नास वर्षं गोणीलाच दोष का देत आलीय. गोणी आडतवाल्याची होती. भाकरी तिच्या हातची होती. मी व्हिलेर्मेबद्दल काही बोललो नाही. त्या दुष्काळात तिनं जे केलं, ते केलं नसतं तर कुणीच वाचलं नसतं, एवढंच म्हणालो. तिनं मान हलवली नाही.

चुलतभाऊ जिमला जायला लागला. ट्रेनरनं पहिले काही आठवडे त्याला रिकामा बार धरायलाच शिकवला. तो घरी येतो तेव्हा आजी ओट्यापाशी उभी असते. दोन अंडी उकडलेली, पेलाभर दूध. तो नको म्हणाला, तरी ती तिथून हलत नाही. पेला रिकामा झाल्याशिवाय.