कालगणनेचा वर्ग

'वर्ग' हा शब्द आम्ही चळवळीत एका अर्थाने शिकलो. संगणकाच्या शास्त्रात त्याचा अर्थ निराळा आहे. समान गुणांच्या व समान वर्तनाच्या वस्तूंचा साचा, तो तेथला वर्ग. नॉर्वेतील दाल व न्यूगोर या दोघांनी 'सिम्युला ६७' या भाषेत ही कल्पना प्रथम मांडली. याच न्यूगोरांनी १९७० नंतर तेथील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, आणि नव्या यंत्राचे ज्ञान कामगारालाही हवे असा आग्रह धरला. तेव्हा हा विषय आम्हांस परका नाही.

आता कालगणनाच घ्या. मूळ वर्गात दिवसांची एक सलग मोजणी ठेवावयाची. त्याखालचा प्रत्येक उपवर्ग ती मोजणी आपापल्या पंचांगात मांडतो. 'जावा' भाषेतील ग्रेगोरियन वर्ग, वेगळे सांगितले नाही तर, ४ ऑक्टोबर १५८२ नंतर एकदम १५ ऑक्टोबर धरतो. रोमला ते बरोबर. पण इंग्लंडात हा बदल १७५२ साली झाला, व २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून तेथल्या जुन्या कागदांसाठी बदलाचा दिवस आपणच सांगावा लागतो.

याहून अवघड प्रकरण सोव्हिएत रशियाचे. १९२९ साली तेथे पाच दिवसांचा आठवडा आला. कामगारांचे पाच गट पाडले. चार दिवस काम, पाचव्या दिवशी विश्रांती, पण प्रत्येक गटाची वेगळ्या दिवशी. यंत्रे अखंड चालावीत, हा हेतू. येथे सुट्टी ठरविण्यास नुसती तारीख पुरत नाही. गटही विचारावा लागतो. पुढे १९३१ साली सहा दिवसांचा आठवडा आला, व १९४० साली सात दिवसांचा परत आला. म्हणजे कोणता नियम केव्हापासून केव्हापर्यंत, हेही वर्गात लिहिले पाहिजे.

हिशेबाने पाहता सातांत एकाऐवजी पाचांत एक सुट्टी मिळाली. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या! बेरीज चोख, आणि घर मात्र एकत्र बसत नाही.

सज्जनहो, आज हजेरी, जादा काम व पगार यांचा हिशेब असेच वर्ग करतात. त्यांतील सुट्टीचा नियम कोणी लिहिला व कोणाला विचारून लिहिला, हा प्रश्न ज्याची सुट्टी आहे त्याने विचारलाच पाहिजे.